वाल्पाराई : चहाचा मळा संपतो आणि जंगल सुरू होतं तिथे

कुंभा
चहाचे मळे बघायचे म्हटलं की आपली मंडळी मुन्नार नाहीतर उटी गाठतात. त्यांवर इथे धागे भरपूर आहेत. वाल्पाराईवर मात्र काही सापडलं नाही, म्हणून हा काढतोय. माहिती देतो आणि एक विनंतीही आहे, ती ओघात येईलच.

वाल्पाराई तमिळनाडूत, कोइम्बतूर जिल्ह्यात, अण्णामलै डोंगररांगेत. साधारण २२० चौ. किमीचं पठार. त्यावर मुख्यतः चहा, थोडी कॉफी, थोडी वेलची. आणि चहूबाजूंनी राखीव जंगल: तमिळनाडूचा अण्णामलै व्याघ्रप्रकल्प (९५८ चौ. किमी), केरळच्या बाजूला परांबिकुलम आणि वाझाचल, आग्नेयेला एराविकुलमचे गवताळ डोंगर. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अभयारण्य मध्ये आणि गावं भोवती असतात. इथे माणसं मध्ये आणि रान भोवती. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायचं तर हत्तीला मळ्यातूनच जावं लागतं. वाल्पाराईतली प्रत्येक गोष्ट या एका कारणावर येऊन ठेपते.

इंग्रज मळेवाले इथे १८९०च्या दशकात आले. त्यांच्यातल्या कार्व्हर मार्शचा पुतळा वरच्या वाटेवर आजही उभा आहे. पुढच्या काही दशकांत पठारावरचं सदाहरित जंगल तोडून कॉफी आणि चहा लागला. पण सगळं तुटलं नाही. ओढ्याकाठी, खडकाळ उतारांवर, वेलची-कॉफीला सावली हवी म्हणून, असे जंगलाचे चाळीसच्या वर तुकडे मळ्यांच्या आतच शिल्लक राहिले. काही जेमतेम एक-दोन हेक्टरांचे, काही शंभर-दोनशे हेक्टरांचे. माझ्या मते वाल्पाराईला जाऊन बघायचे ते हे तुकडे आणि त्यांची कड.

ती कड सुरीने वडी कापावी तशी असते. या बाजूला कंबरेइतकी छाटलेली झुडपं, वर विरळ सिल्व्हर ओक, लख्ख ऊन. एक पाऊल पलीकडे तीस-चाळीस मीटर उंचीची झाडं, बुंध्यांवर शेवाळ, पायाखाली कुजलेला पाला आणि पावसाळा असेल तर पोटरीवर जळू. हवेतला गारवा लगेच अंगाला जाणवतो. आवाज बदलतात. मळ्यात बुलबुल, वटवट्या, फार तर एखादी टिटवी. आत शिरताच रातकिड्यांचा सूर, लांबून निलगिरी वानराचा 'हूं हूं' असा घुमणारा आवाज, शेकरूची किटकिट.

चहा लांबून हिरवागार दिसतो, म्हणून तो जंगलाचाच भाग वाटतो. जवळ जाऊन बघा. एकाच जातीची झुडपं, मैलोगणती. दर चार-पाच वर्षांनी जोराची छाटणी, एरवी दहा-पंधरा दिवसांनी खुडणी, मध्ये खतं आणि फवारणी. छाटलं नाही तर चहाचंही चांगलं उंच झाड होतं, पण मग खुडणार कसं? सावलीचा सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियातून आणलेला. त्याला गर असलेलं फळच नाही, म्हणजे धनेशाला किंवा माकडाला त्यावर खायला काही नाही. पठारावरच्या प्राण्यांचं पोट अजून त्या उरलेल्या तुकड्यांवर आणि नदीकाठच्या झाडीवर चालतं.

बघायला काय मिळेल? पुदुत्तोट्टम इस्टेटीजवळ जेमतेम ९२ हेक्टरांचा तुकडा आहे. तिथे सिंहपुच्छ माकडं हमखास दिसतात. काळं अंग, चेहऱ्याभोवती करडी आयाळ, शेपटीच्या टोकाला झुबका. हे माकड फक्त पश्चिम घाटात आहे, तेही उत्तर कन्नड जिल्ह्यापर्यंतच, महाराष्ट्रात नाही. जगात मोकळ्या रानात चार हजारांच्या आतच उरली आहेत. खऱ्या जंगलात ती झाडावरून सहसा खाली उतरत नाहीत. इथे रस्त्यामुळे झाडांचे शेंडे एकमेकांपासून तुटले आहेत, म्हणून ती जमिनीवर येतात आणि गाडीखाली सापडतात. निसर्ग संरक्षणात काम करणाऱ्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या लोकांनी रस्त्यावरून, झाडापासून झाडापर्यंत, पट्ट्यांचे झुलते पूल बांधले आहेत. माकडं ते खरंच वापरतात. पुलाखाली दोन माणसं शिट्टी आणि फलक घेऊन गाड्या हळू करायला उभी असतात.

आता विनंती. त्या माकडांना वेफर्स, केळी, बिस्किटं काही देऊ नका. गाडीतून भिरकावलेल्या एका पाकिटासाठी आई पिल्लाला पोटाशी धरून डांबरी रस्त्यावर येते. मी ते बघितलंय आणि मला ते अजून सहन होत नाही. मळ्यात परवानगीशिवाय शिरू नका, तो कुणाच्या तरी रोजगाराचा वावर आहे. रात्री गाडी घेऊन 'जनावरं बघायला' फिरू नका. तिथली माणसं रात्री का फिरत नाहीत ते खाली कुणीतरी सांगेलच, नाहीतर मी लिहीन.

कसं जायचं: मुंबई-पुण्याहून लोकमान्य टिळक टर्मिनस–कोइम्बतूर एक्स्प्रेस. कोइम्बतूरहून पोल्लाची, तिथून आळियार धरणाशेजारून घाट. घाटाला ४० वळणं आहेत आणि प्रत्येकावर आकडा लिहिलेला आहे. नवव्या वळणावर लोम्स व्ह्यू म्हणून जागा आहे, तिथून आळियारचं पाणी दिसतं. घाटाच्या कातळांवर निलगिरी ताहर (डोंगरी रानबकरे) उभे असतात, कधीकधी अगदी कठड्यावर. उटी-कोडाईसारखा इथेही आता ई-पास लागतो, तो ऑनलाइन मिळतो.

नीलपंख
सुंदर धागा, कुंभादा. धनेशाविषयी सविस्तर लिहा ना. मोठा धनेश मी आंबोलीच्या पुढे एकदाच ओझरता पाहिलाय. वाल्पाराईला कुठल्या महिन्यात दिसेल? आणि मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलं तर?

कुंभा
नीलपंख, डिसेंबर ते मे हा काळ चांगला. साधारण जानेवारीपासून मादी ढोलीत बसते. ढोलीचं तोंड विष्ठेने आणि मातीने लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. तिचं आणि पिल्लाचं सगळं खाणं नर त्या फटीतून पुरवतो. त्यामुळे त्या महिन्यांत नर ठरावीक फळझाडांवर सारखा येत राहतो आणि रस्त्यावरूनही दिसतो. पंखांचा आवाज आधी येतो, मग पक्षी. पण ढोलीचं झाड शोधत जाऊ नका आणि कुणी वाटाड्या 'घरटं दाखवतो' म्हणाला तर नको म्हणा. माणसं खाली उभी राहिली की नर चोचीत फळं घेऊन लांबच थांबतो.

ढोली होण्याइतकं जाड झाड व्हायला शंभर वर्षं सहज लागतात. अशी झाडं आता तुकड्यांत आणि जुन्या कॉफीच्या सावलीत उरली आहेत. म्हणून तिथल्या एका एका झाडाला एवढी किंमत आहे.

मेमध्ये जायला हरकत नाही, अधूनमधून वळवाचे पाऊस होतात. जून ते सप्टेंबर मात्र पाऊस कोसळतो. पठारावरचं चिन्नकल्लार हे दक्षिण भारतातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. बेडकांत रस असेल तरच पावसाळ्यात जा.

विटेकर
हा धागा बघून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आम्ही मूळचे सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातले, सोन्या-चांदीच्या गलाईचा (वितळवून शुद्ध करण्याचा) धंदा, दोन पिढ्या पोल्लाचीत. आमच्या भागातली माणसं तमिळनाडू-केरळात जागोजागी आहेत हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. गावाकडचे पाहुणे आले की वाल्पाराई ठरलेली. त्यामुळे तिथे येणंजाणं कायमचं आहे.

कुंभाभाऊंनी रात्रीचं विचारलंय म्हणून लिहितो. पठारावर वर्षभरात शंभरेक हत्तींचा वावर असतो. दिवसा ते जंगलाच्या तुकड्यांत, नदीकाठच्या झाडीत उभे राहतात. अंधार पडला की मळ्यांतून, रस्त्यांवरून पुढच्या झाडीकडे निघतात. चहा ते खात नाहीत. रेशन दुकानं आणि शाळांचं माध्यान्ह भोजनाचं कोठार मात्र फोडतात, तांदूळ आणि मिठासाठी. माणसं दगावली ती बरीचशी संध्याकाळी किंवा रात्री, हत्ती जवळ आहे हे ठाऊक नसताना समोरासमोर आल्यामुळे. शेवटची बस उतरून लाइनीकडे (मळ्यातल्या मजुरांच्या घरांच्या रांगेकडे) पायी जाणारा माणूस, वाटेत वळण, धुकं, आणि पलीकडे हत्ती.

यावर तिथे २०११पासून एक व्यवस्था आहे. हत्ती कुठे आहेत हे माग काढणारी माणसं रोज कळवतात आणि त्या भागात राहणाऱ्यांच्या मोबाइलवर संध्याकाळी निरोप जातो, तमिळमधून. जिथे बस थांबते, जिथे वाटा फुटतात तिथे खांबांवर लाल दिवे लावलेत. हत्ती किलोमीटरभराच्या आत असला की तिथलाच एखादा माणूस फोन करून तो दिवा चालू करतो. दिवा लुकलुकत असला की बसमधली माणसं पुढच्या थांब्यापर्यंत बसून राहतात किंवा चार-पाच जण मिळून जातात. ड्रायव्हरसुद्धा सांगतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय. एवढ्या साध्या गोष्टीने फरक पडला. हे काम ज्यांनी उभं केलं त्या आनंद कुमार यांना २०१५ साली व्हिटली पुरस्कार मिळाला.

आता सांगा, जिथे गावकरी दिवा बघून घरात थांबतो तिथे बाहेरून आलेली गाडी रात्री अकराला प्रखर दिवे लावून, गाणी लावून फिरते तेव्हा हत्ती कुठे जातो? तो लाइनीकडे वळतो. पर्यटक हॉटेलात परत जातो आणि चिडलेला हत्ती मजुराच्या दारात उभा राहतो. वनखातं अशा गाड्या पकडून दंड करतं, आणि योग्यच करतं.

शिवराज_सातारा
+१ विटेकर. आमच्या कास-बामणोलीलाही रात्री गव्यांमागे गाड्या घालणारे वाढलेत.

मृण्मयी_ग
सगळं वाचलं. लेखन छान आहे, पण मनात एक खटकतंय ते लिहिते. चहाने तिथलं जंगल गिळलं. कुंभा, तुम्हीच लिहिलंय की धनेशाला मळ्यात खायला काही नाही. मग आपण त्याच मळ्यांत बंगल्यावर राहायचं, मळ्यात फोटो काढायचे, इस्टेटीला पैसे द्यायचे, हे कितपत बरोबर? आणि मळेवाल्यांनी थोडे तुकडे राखले म्हणून त्यांचं कौतुक करायचं का? ते त्यांनी जंगलासाठी राखलेले नव्हतेच.

कुंभा
मृण्मयी, प्रश्न रास्त आहे. तोडलेल्या जंगलाचं समर्थन मी करणार नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे गेलं ते परत येणार नाही, आणि ते तुकडे राखण्यामागे बऱ्याच ठिकाणी जंगलाचा विचार नव्हता हेही खरं.

पण आज तिथे उभं राहून बघितलं तर प्रश्न 'चहा की जंगल' असा उरलेला नाही. चहाचे भाव पडले, मजूर मिळेनासे झाले की मळा विकायला निघतो. मग त्याचे प्लॉट पडतात, कुंपणं होतात, रिसॉर्टं होतात. चहाच्या मळ्याला कुंपण नसतं. गवा त्यात बसून रवंथ करतो, बिबट्या ओळींमधून जातो, हत्तींचा कळप पिल्लांना घेऊन रात्रीत चार किलोमीटर चालून पलीकडच्या झाडीत पोचतो. हीच जमीन भिंती आणि विजेच्या तारा घालून तुकड्यातुकड्यांनी विकली गेली तर परांबिकुलमकडचा हत्ती अडकला. म्हणून कुंपण नसलेला, फवारणी कमी केलेला, नदीकाठ सोडलेला मळा टिकावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट. तिथे वीसेक वर्षं जंगल परत लावायचं काम चालू आहे. संशोधकांनी इस्टेटींशी करार करून मोडकळीला आलेले तुकडे हातात घेतले. आधी घाणेरी आणि बाहेरून आलेल्या वेली काढायच्या. रस्त्याकडेला, जिथे बी रुजण्याची शक्यताच नसते, तिथून बिया गोळा करायच्या, रोपवाटिकेत वाढवायच्या आणि पाऊस सुरू झाला की लावायच्या. शंभराहून जास्त स्थानिक जाती: नागकेशर, धूप, जांभळाचे प्रकार, रुद्राक्षाच्या कुळातली झाडं, आणि कुलेनिया, ज्याच्या फुलांवर आणि काटेरी फळांवर सिंहपुच्छ माकड जगतं. नंतर मोजणी केली तेव्हा लागवड केलेल्या जागी झाडांच्या जाती आणि कार्बनचा साठा नुसत्या सोडून दिलेल्या जागांपेक्षा बराच जास्त भरला होता. मूळ जंगलाच्या बरोबरीला अजून आलेला नाही, आपल्या हयातीत येणारही नाही. तरी ते लावणारी माणसं आहेत याचं मला फार वाटतं.

राहता राहिला बंगल्याचा प्रश्न. मी वाल्पाराई गावात लहान लॉजमध्ये राहतो. पैसे खानावळीला, जीपवाल्याला जातात.

मृण्मयी_ग
कुंपणाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पटलं. तरी चहा कंपन्यांनी नदीकाठचे पट्टे स्वतःहून मोकळे करावेत असं मला वाटतं. त्यात त्यांचं फारसं नुकसान नाही, नाहीतरी काठावर चहा नीट येत नाही.

गिरणगाव
या विषयाची दुसरी बाजू कुणीच काढली नाही म्हणून लिहितो. मळा बंद होऊन जमीन जंगलाला परत गेली की तिथल्या माणसांचं काय होतं? तिरुनेलवेलीकडे कळक्काड-मुंडन्तुरै व्याघ्रप्रकल्पाच्या आत मांजोलैचे चहामळे आहेत. सिंगम्पट्टीच्या जमीनदाराकडून ८,३०० एकरांहून जास्त जमीन १९२९ साली ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली ती बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने. ही मुंबईची १८६३ सालची जुनी कंपनी. मुदत २०२८ला संपते, पण कंपनीने २०२४मध्येच काम थांबवलं आणि मजुरांना स्वेच्छानिवृत्ती दिली. चार-पाच पिढ्या त्याच लाइनींत जन्मलेल्या माणसांपुढे प्रश्न आला की डोंगर उतरून जायचं कुठे. त्यांच्या नावावर ना घर ना जमीन. प्रकरण कोर्टात गेलं.

माझे आजोबा गिरणीत होते. संप फसल्यावर चाळीतल्या खोलीसाठी काय करावं लागलं ते घरात ऐकत मोठा झालोय. त्यामुळे 'जंगल परत आलं' अशी बातमी वाचली की मी आधी लाइनीत कोण राहत होतं ते शोधतो. वाघासाठी जागा हवीच. पण खुडणाऱ्या बाईला डोंगराखाली हक्काचं घर मिळाल्याशिवाय ते काम पूर्ण झालं असं मी म्हणणार नाही.

कुंभा
गिरणगाव, शंभर टक्के. हे मूळ धाग्यात यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे.

वाल्पाराईतली खुडणी सांगतो. बाया सकाळी कमरेला जाड प्लॅस्टिक गुंडाळतात, कारण दव पडलेल्या झुडपांतून चालताना कपडे चिंब होतात. पूर्वी सगळं हाताने, दोन पानं आणि एक कळी. आता बहुतेक ठिकाणी मोठी कात्री असते आणि तिला पाला धरणारा खोका जोडलेला. पोतं डोक्यावरून वजनकाट्यापर्यंत न्यायचं. साडेचार किलो ओल्या पाल्याचा एक किलो चहा होतो, यावरून वजनाचा अंदाज करा. फॅक्टरीत रात्रभर पाला सुकत ठेवतात, मग सीटीसी (क्रश-टिअर-कर्ल) यंत्रात चुरतात. आपल्या घरच्या डब्यातली दाणेदार पत्ती ती हीच. आता तमिळ तरुण पोरं गावं सोडून कोइम्बतूर-तिरुप्पूरला जातात आणि लाइनींत झारखंड-आसामकडची कुटुंबं येऊन राहतात. त्यांना तमिळ येत नाही, रानाची सवय नाही.

डॉ_शुभदा
याच कुटुंबांतल्या लहान मुलांवर बिबट्याचे हल्ले झाल्याच्या बातम्या वाचल्या होत्या. म्हणूनच विचारते: आमच्याबरोबर ७४ वर्षांच्या सासूबाई आणि ६ वर्षांची मुलगी असेल. न्यावं का?

विटेकर
शुभदाताई, जरूर न्या. हल्ले झाले ते जवळजवळ सगळे तिन्हीसांजेला, घरामागच्या चहाला लागून, मूल एकटं असताना. घराला लागूनच झुडपं, अंगणात दिवा नाही, संडास लांब, असं असतं तिथे. बिबट्या एरवी सांबराचं पिल्लू, भेकर, रानडुक्कर यांवर जगतो, माणसाच्या वाटेला जात नाही. पण झुडपाच्या उंचीचं वाकलेलं मूल त्याला काय दिसत असेल कोण जाणे. लाइनींभोवतीचा थोडा चहा काढून जागा मोकळी केली, दिवे लावले, संडास घराजवळ आणले की हल्ले कमी होतील, हे तिथले सगळे सांगतात. पैसा कुणी घालायचा यावर अडतं.

तुमच्यासाठी एवढंच: दिवेलागणीनंतर मुलीला खोलीत ठेवा आणि मळ्याच्या वाटेवर तिचा हात सोडू नका. पहाटेही अस्वलं असतात, फिरायला ऊन आल्यावर निघा. सासूबाईंना घाटाचा त्रास होईल. पोल्लाचीतून निघताना पोटभर खाऊ नका, आळियारला थांबून घ्या. नल्लमुडी पूंजोलैला मळ्यातून थोडं चालावं लागतं, पण समोर केरळचे डोंगर आणि खाली दरी दिसते. त्यांना जमत असेल तर ते चुकवू नका.

लुईतकाठ
जोरहाटहून लिहितेय. नवऱ्याच्या नोकरीमुळे आसामात राहतो. इथलं होल्लोंगापार अभयारण्य वाल्पाराईच्या उलट आहे: २१ चौ. किमीचं छोटंसं जंगल मध्ये आणि चारी बाजूंनी चहा. आत हुलॉक गिबन. भारतात आढळणारा हा एकमेव कपी, म्हणजे बिनशेपटीचा वानर ('एप'). हे प्राणी जमिनीवर जवळजवळ येतच नाहीत, फांदीवरून फांदीवर लोंबकळत जातात. त्यामुळे भोवतीचा चहा त्यांना ओलांडता येत नाही. वर जंगलाच्या मधून रेल्वेमार्ग गेलाय, त्याने कळप दोन बाजूंना वाटले गेले. सकाळी त्यांची जोडी गाते, नर-मादी दोघं मिळून, आणि मळ्यात काम करणाऱ्या बायाही ते ऐकत असतात. यायचं असेल तर वनखात्याचा माणूस बरोबर घ्यावा लागतो, सकाळी लवकर यावं लागतं.

नीलपंख
लुईतकाठताई, यावर स्वतंत्र धागा काढाच. फोटोंसकट.

दोडामार्गकर
मी तिलारी खोऱ्यातला. आमच्याकडे चहा नाही, पण रबर आहे. जंगलाचे डोंगरच्या डोंगर विकले गेले, केरळमधून आलेल्या लोकांनी रबर, अननस, केळी लावली. आणि २००२च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले, ते येत-जात राहिले. विटेकरांनी लिहिलेली मोबाइलची आणि लाल दिव्यांची व्यवस्था वाचून आशा वाटली. पण एक फरक आहे तो सांगतो. वाल्पाराईत हत्ती चहा खात नाही, तो नुसता जातो. आमच्याकडे तो माड मोडतो, केळीची बाग एका रात्रीत झोपवतो, भात तुडवतो, फणसासाठी अंगणात येतो. निरोप मोबाइलवर आला तरी वीस वर्षं वाढवलेला माड आम्ही कुठे हलवणार? त्यामुळे तिकडचं सहजीवन इकडे आणा असं कुणी म्हटलं की आमच्या लोकांना राग येतो. नुकसानीची भरपाई वेळेवर मिळत नाही, माडाचा भाव लावतात तो ऐकवत नाही.

कुंभा
दोडामार्गकर, फरक अगदी बरोबर पकडलात. चहा हत्तीच्या तोंडचं पीक नाही, आणि मळा एका मालकाचा असतो, शेकडो लहान बागायतदारांचा नसतो. तिथलं सगळं जसंच्या तसं तिलारीत चालणार नाही.

तरी दोन गोष्टी वेगळ्या काढून बघाव्यात असं वाटतं. बागेचं नुकसान दिव्याने थांबणार नाही, त्याला चोख आणि लवकर मिळणारी भरपाईच हवी, आणि हत्तीला राहायला सलग रान. पण पहाटे काजूला जाणारा, रात्री दुकान बंद करून येणारा माणूस तरी वाचेल. त्यासाठी मोठा खर्च नाही. रोज हत्ती कुठे आहे ते पक्कं सांगणारी गावातली चार-पाच माणसं, त्यांना नियमित पगार, आणि गावातल्या सगळ्यांचे नंबर. वाल्पाराईत लोकांनी त्या निरोपावर विश्वास ठेवला, कारण निरोप खरे निघाले. अफवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने व्हिडिओ त्यात मिसळले की संपलं.

दोडामार्गकर
माग काढणारी पोरं आमच्याकडेही आहेत, हंगामी मजुरीवर. पगार महिनोन् महिने अडकतो, मग ती गोव्याला कामाला जातात आणि पुढच्या वर्षी नवी पोरं शून्यापासून शिकतात. तुम्ही पगार नियमित म्हणालात, सगळी गाठ तिथेच आहे. आमच्या वाडीतले नंबर गोळा करायचे तर मी करू शकतो, बावन्न घरं आहेत. विटेकर, ते दिवे कसे बसवलेत, वीज सौरऊर्जेची की लाइनची, आणि फोनवरून चालू करायचा अधिकार गावात कुणाकुणाला दिलाय, हे पुढच्या वेळी गेलात की विचारून इथे लिहाल का?

विटेकर
विचारतो. पुढच्या आठवड्यात पाहुणे येतायत, वर जाणं होणारच आहे. एका इस्टेटीतले दिवा चालू करणारे गृहस्थ ओळखीचे आहेत, त्यांच्याशीच तुमचं फोनवर बोलणं करून देतो. तमिळ-मराठी मी करीन.